एकाच श्रोत्यासाठी गाणे : पुण्याचे भावगीत आणि इंग्लंडची गिटार

एक आवाज, एखादे वाद्य आणि त्यांच्या आधाराने उभी राहणारी कविता, एवढ्याच सामग्रीवर रचलेल्या गाण्याला पाश्चात्त्य जगात गेल्या साठ वर्षांत मोठी प्रतिष्ठा मिळाली आहे. १९६०च्या दशकापासून ब्रिटनमध्ये स्वतः गाणी लिहिणारे, स्वतः चाल लावणारे आणि गिटारच्या साथीने स्वतःच गाणारे कलावंत पुढे आले. त्यांच्या दहा-बारा गाण्यांच्या संग्रहांकडे, म्हणजे अल्बमांकडे, एखाद्या कवितासंग्रहाकडे पाहावे तसे पाहिले जाऊ लागले आणि विजेच्या वाद्यांचा आधार न घेता केलेल्या अशा संग्रहांना ‘अकूस्टिक’ हे नाव पडले. मोठ्या सभागृहाला उद्देशून नव्हे, तर समोर बसलेल्या एकाच माणसाला उद्देशून गायल्यासारखे वाटणे हा या गाण्याचा प्राण मानला जातो. महाराष्ट्रात, आणि विशेषतः पुण्यात, या जातीचे गाणे त्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधी रुजू लागले होते. त्याची घडण वेगळी होती, त्याला गिटार ठाऊक नव्हती आणि त्याचा आरंभ गायकांनी नव्हे, तर कवींनी केला होता.

१९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे हे कवी होते, तसेच दिवाकर आणि वि. द. घाटे यांच्यासारखे लेखकही होते. या मंडळींनी एकत्र जमून कविता वाचण्याची आणि त्यांवर चर्चा करण्याची प्रथा पाडली. पण त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले ते काव्यगायनामुळे. कवीने स्वतःची कविता स्वतःच्या साध्या चालीवर, बहुधा कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून श्रोत्यांपुढे म्हणणे, असे या काव्यगायनाचे स्वरूप होते. यशवंत आणि गिरीश यांच्या कवितागायनाला गावोगावी श्रोते लाभले आणि छापील पानापर्यंत कधी न पोहोचणाऱ्या माणसांपर्यंत आधुनिक मराठी कविता प्रथमच कानांवाटे पोहोचली. आचार्य अत्रे यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहातून या कवींच्या लकबींची रेवडी उडवली, आणि चालीच्या मोहिनीत सामान्य कविताही खपून जाते, हा समीक्षकांचा आक्षेपही पुरता निराधार नव्हता. तरीही कवीचा आवाज आणि कवितेचे शब्द यांच्यामध्ये दुसरे कोणीही असू नये, हे तत्त्व मराठीत याच काळात प्रस्थापित झाले, आणि पुढील सगळ्या वाटचालीचे बीज त्यातच सापडते.

हे काव्यगायन शक्य झाले ते मराठी पद्यरचनेच्या स्वभावामुळे. जुन्या मराठी कवितेत लघू आणि गुरू अक्षरांचा क्रम ठरलेला असतो, त्याला अक्षरगणवृत्त म्हणतात. केवळ मात्रांची बेरीज आणि त्यांचे गट ठरलेले असतात, त्या रचनेला जाती म्हणतात. आणि ओवी-अभंगांसारख्या छंदांत अक्षरांची संख्या तेवढी मोजली जाते. या तिन्ही प्रकारांत म्हणण्याची लय आधीच दडलेली असते, त्यामुळे चाल लावणाऱ्याला लय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. माधव जूलियन यांनी या शास्त्राचा सखोल अभ्यास करून ‘छंदोरचना’ हा ग्रंथ लिहिला. ज्या मंडळाने कविता गाऊन दाखवली, त्याच मंडळातील कवीने तिच्या लयीचे शास्त्रही लिहावे, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे, कारण रविकिरण मंडळाच्या गायनामागे केवळ गळ्याचा गोडवा नव्हता, तर भाषेच्या घडणीविषयीचा गांभीर्याने केलेला विचार होता.

कवितेला गाण्याचे रूप देणारा पुढचा टप्पा यंत्राने आणला. १९२५पूर्वी ध्वनिमुद्रण कर्ण्याच्या साहाय्याने होत असे, म्हणजे गायकाला एका मोठ्या कर्ण्यात जोर लावून गावे लागे आणि त्या हवेच्या दाबानेच सुई मेणाच्या पृष्ठभागावर रेघ कोरीत असे. अशा पद्धतीत हळुवार आवाजाला जागाच नव्हती. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणाऱ्या नाट्यगायकांना ती पद्धत मानवली, परंतु कानाशी बोलल्यासारखे गाणाऱ्याला ती मानवणारी नव्हती. विजेवर चालणारा मायक्रोफोन आल्यावर ही अडचण दूर झाली, गायकाला आवाज चढवण्याची गरज उरली नाही, आणि उच्चारांतील बारकावे, श्वासाची ये-जा, शब्दाच्या शेवटी आवाज विरत जाणे, हे सारे तबकडीवर उमटू लागले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये याच काळात मायक्रोफोनच्या जवळ उभे राहून मृदू आवाजात गाण्याची नवी शैली लोकप्रिय झाली. मराठीत या यंत्राचा फायदा प्रथम ओळखणाऱ्यांमध्ये जी. एन. जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

विदर्भातून आलेल्या आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन एचएमव्ही कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. ही तबकडी मराठी भावगीताचा आरंभबिंदू मानली जाते. भावगीत म्हणजे एका भावावस्थेचे, बहुधा एकाच व्यक्तीच्या तोंडी शोभणारे, नाटक किंवा चित्रपट यांच्या कथेवर अवलंबून नसलेले गीत. ते रागदारीच्या पायावर उभे असले तरी त्यात रागाचा विस्तार नसतो. हरकती आणि मुरक्या असल्या तरी त्या शब्दाच्या अर्थाला उठाव देण्यापुरत्याच असतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच गाणे मावत असल्याने भावगीताची लांबी, कडव्यांची संख्या आणि ध्रुवपदाकडे परतण्याची घाई, ही सारी त्या मर्यादेत घडली. जोशी पुढे एचएमव्हीमध्येच अधिकारी झाले आणि अनेक थोर शास्त्रीय गायकांची मुद्रणे त्यांच्या देखरेखीखाली झाली, हेही त्यांच्या नावाशी जोडलेले मोठे कार्य आहे. जे. एल. रानडे आदी समकालीन गायकांनीही याच सुमारास कवितागायनाच्या तबकड्या दिल्या.

तथापि पुण्याच्या संदर्भात या गाण्याचा खरा नायक म्हणजे गजानन वाटवे (१९१७–२००९). बेळगावात जन्मलेले आणि गाण्याच्या ओढीने लहानपणीच घर सोडलेले वाटवे पुण्यात स्थिरावले, आणि तेथे त्यांनी कवितेचा गायक म्हणून स्वतःचे स्थान निर्माण केले. त्या काळी अशा व्यवसायाचा मराठी समाजात फारसा पूर्वाधार नव्हता. नाटकातील गायक, कीर्तनकार, शाहीर आणि मैफलीचा गवई हे चारही कलावंत लोकांच्या परिचयाचे होते. केवळ आधुनिक कविता चालीवर म्हणून संध्याकाळभर श्रोत्यांना बांधून ठेवणारा माणूस मात्र नवा होता. वाटवे स्वतः पेटी वाजवीत गात, साथीला तबला असे, आणि बहुतेक चाली त्यांच्या स्वतःच्या असत. पुण्याच्या गणेशोत्सवात चौकाचौकांतून होणाऱ्या त्यांच्या कार्यक्रमांना उघड्या रस्त्यावर प्रचंड गर्दी होई. रस्त्यावरची गर्दी आणि एकाला उद्देशून गायलेले गाणे यांचा मेळ बसणे अवघड वाटते, पण ध्वनिक्षेपकाने तो घडवून आणला, कारण आवाज न चढवताही तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवण्याची सोय आता झाली होती.

वाटवे यांच्या गायनाचे वैशिष्ट्य समजून घ्यायचे तर ते शब्द कोठे तोडतात आणि श्वास कोठे घेतात याकडे लक्ष द्यावे लागते. कवी अनिल यांच्या सायंताऱ्यावरील कवितेला त्यांनी दिलेली चाल या दृष्टीने अभ्यासनीय आहे. तिच्यात स्वरांचा पल्ला फार मोठा नाही, दाखवण्यासाठी घेतलेली तान नाही, आणि ओळीचा अर्थ जेथे पुरा होतो तेथेच स्वरवाक्यही पुरे होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला कविता समजण्यासाठी कागद हाती घ्यावा लागत नाही. वाटवे यांचा गळा असामान्य पल्ल्याचा नव्हता, आणि ही मर्यादा त्यांच्या गाण्याला उपकारक ठरली असे म्हणायला हरकत नाही. सामर्थ्यवान गळा असलेल्या गायकाला शब्दापुढे नमते घेणे जड जाते, तर वाटव्यांना ते सहज साधत होते. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर मनमोहन नातू यांनी लिहिलेले शोकगीत वाटवे यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. खासगी प्रेमभावनेसाठी घडवलेला हा हळुवार स्वर सार्वजनिक दुःखासाठीही पुरेसा आहे, हे त्या गीताने सिद्ध केले. घोषणेच्या आवाजात ते गायले गेले असते तर लोकांनी ते इतके आपले मानले असते का, याविषयी शंका वाटते.

पुढे संगीतकार यशवंत देव यांनी या प्रकारच्या गायनाचे तत्त्वविवेचन ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकात केले. शास्त्रीय गायनात शब्द हे स्वराला टेकण्यासाठी असतात, तर भावगीतात स्वर हा शब्दाला टेकण्यासाठी असतो, एवढ्यात या गायकीचे मर्म सांगता येते. भावगीताच्या शिकवणीत आजही विद्यार्थ्याकडून आधी कविता नुसती वाचून घेण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागे हीच जाण आहे.

या गाण्याच्या साथीला असलेल्या पेटीविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण ब्रिटिश गायकाच्या बाबतीत गिटारीचे जे स्थान आहे तेच मराठी भावगीतात पेटीचे आहे. भात्याने हवा भरून धातूच्या पट्ट्या कंप पावविणारे हे युरोपीय वाद्य एकोणिसाव्या शतकात भारतात आले आणि जमिनीवर बसून एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने पट्ट्या चालवता येतील अशा रूपात ते येथे रुळले. त्याचे स्वर आधीच ठरलेले असल्याने त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, शक्य होत नाही, आणि या कारणास्तव १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला होता. शास्त्रीय संगीताच्या शुद्धतेच्या दृष्टीने त्या आक्षेपात तथ्य होते, परंतु भावगीतगायकाला पेटी हवी होती ती वेगळ्या कारणाने. ती गायकाच्या मांडीपुढे असते, तिचा आवाज गळ्याच्या आवाजाला झाकत नाही, दोन ओळींमधली रिकामी जागा ती भरून काढते, आणि एकट्या माणसाला ती दुसऱ्या कोणाच्याही मदतीवाचून गाण्याचे स्वातंत्र्य देते.

ब्रिटनमध्ये हेच स्वातंत्र्य गिटारने दिले, आणि त्यामागचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. १९०३ साली सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने सॉमरसेट परगण्यातील हॅमब्रिज या खेड्यात जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याच्या तोंडून एक जुने लोकगीत ऐकून टिपून घेतले आणि तेथून इंग्लिश लोकगीतांच्या संकलनाची मोठी चळवळ सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या गीतांचे पुनरुज्जीवन करणारी गायनमंडळे, म्हणजे फोक क्लब, शहराशहरांतून निघाले. बहुधा एखाद्या मद्यगृहाची माडी किंवा तळघर एवढ्याच जागेत ते भरत, तेथे ध्वनिक्षेपक नसे, आणि गायक व श्रोता यांच्यात चार हातांचेही अंतर नसे. लंडनच्या सोहो भागात १९६५ साली सुरू झालेला ‘ले कझिन्स’ हा असाच तळघरातील क्लब होता. जुनी लोकगीते गाता गाता तरुण गायकांनी त्याच धाटणीची नवी गाणी स्वतः लिहायला आरंभ केला, आणि त्यांतून जवळिकीच्या संग्रहांची परंपरा निघाली. स्कॉटलंडहून आलेल्या बर्ट जॅन्श या तरुणाचा पहिला संग्रह १९६५ साली निघाला. त्याचे मुद्रण कोणत्याही स्टुडिओत नव्हे, तर बिल लीडर या ध्वनिमुद्रकाच्या लंडनमधील घरात, टेपरेकॉर्डरवर आणि उसन्या गिटारीवर झाले.

या परंपरेतील सर्वांत मौल्यवान संग्रह कोणता, याचे उत्तर निक ड्रेक या गायकाच्या ‘पिंक मून’ या संग्रहाकडे बोट दाखवल्याशिवाय देता येणार नाही. ड्रेकचा जन्म १९४८ साली रंगून येथे झाला. त्याचे वडील रॉडनी हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीत अभियंता होते. त्याची आई मॉली हिला महायुद्धाच्या काळात ब्रह्मदेश सोडून दिल्लीत आश्रय घ्यावा लागला होता, आणि तेथे ती आपल्या बहिणीसह ऑल इंडिया रेडिओवर गात असे. मॉली स्वतः पियानोवर गाणी रचीत असे, ती केवळ घरच्यांसाठी होती. मुलाच्या गाण्यांतील एकटेपणाचा सूर आईच्या या घरगुती गाण्यांत आधीच ऐकू येतो, असे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे आणि ती गाणी आता प्रकाशित झाल्यामुळे ते कोणालाही ताडून पाहता येते.

ड्रेकचे पहिले दोन संग्रह, १९६९ आणि १९७१ सालचे, व्हायोलिनवर्गीय वाद्यांच्या देखण्या रचनांनी आणि इतर वादकांच्या साथीने सजलेले होते. ते फारसे खपले नाहीत. लोकांपुढे गाण्याचा त्याला संकोच होता आणि त्याची मनःस्थिती ढासळत चालली होती. अशा अवस्थेत १९७१च्या ऑक्टोबरमध्ये तो लंडनच्या साउंड टेक्निक्स या स्टुडिओत गेला आणि जॉन वुड या ध्वनिमुद्रकाबरोबर अवघ्या दोन रात्रींत त्याने अकरा गाणी मुद्रित केली. दिवसा स्टुडिओ इतरांनी राखून ठेवलेला असल्याने काम रात्री उशिरा सुरू होई. आवाज आणि गिटार याखेरीज या संग्रहात दुसरे काही नाही. केवळ शीर्षकगीतात पियानोचे मोजके स्वर आहेत आणि तेही त्यानेच वाजवले आहेत. १९७२च्या फेब्रुवारीत निघालेला हा संग्रह जेमतेम २८ मिनिटांचा आहे. एरवी एका तबकडीवर चाळीस मिनिटांचे संगीत देण्याची प्रथा असताना ड्रेकने आणि त्याच्या कंपनीने ते लांबवले नाही, हे त्या संग्रहाच्या थोरवीचे एक कारण होय. १९७४च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ड्रेकचा मृत्यू झाला. त्याच्या हयातीत फार थोड्यांनी त्याला ऐकले होते. २००० सालच्या सुमारास एका मोटारीच्या जाहिरातीत शीर्षकगीत वापरले गेले तेव्हा नवे श्रोते हजारोंच्या संख्येने त्याच्याकडे वळले.

ड्रेकच्या गिटारवादनात एक तांत्रिक विशेष आहे आणि तो भारतीय श्रोत्याला चटकन उमगण्याजोगा आहे. गिटारच्या सहा तारा सामान्यतः ठरावीक स्वरांना जुळवलेल्या असतात, पण ड्रेक त्या प्रत्येक गाण्यागणिक वेगळ्या जुळवीत असे, काही तारा पुष्कळ उतरवून खर्जात नेत असे. त्यामुळे बोटांनी चाल वाजत असताना मोकळ्या तारा मागे सतत घुमत राहतात आणि गाण्याला एक आधारस्वर लाभतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हा घुमारा परका वाटत नाही. ब्रिटिश लोकगीतांच्या गायकांनी साठच्या दशकात भारतीय आणि अरबी संगीत लक्षपूर्वक ऐकले होते, त्यामुळे या साम्यामागे निव्वळ योगायोग आहे असे मानण्याचे कारण नाही.

ब्रिटिश आणि मराठी परंपरांतील मूलभूत भेद मात्र विसरता येत नाही. ड्रेक किंवा जॅन्श यांच्या गाण्यात शब्द, चाल आणि आवाज एकाच माणसाचे असतात, आणि श्रोता त्या गाण्याकडे त्या माणसाची कबुली म्हणून पाहतो. भावगीतात ही तीन कामे बहुधा तिघांची असतात. कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा. अरुण दाते यांनी लोकप्रिय केलेल्या ‘शुक्रतारा’मध्ये शब्द मंगेश पाडगावकरांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची आहे, आणि या तिघांपैकी कोणालाही वगळून त्या गाण्याची कल्पना करता येत नाही. येथे जवळीक व्यक्तीच्या चरित्रातून येत नाही, ती तिघांनी मिळून एका काल्पनिक ‘मी’ला दिलेल्या आवाजातून येते. गायकाच्या खासगी जीवनाविषयी काहीही न जाणता मराठी श्रोता भावगीतात स्वतःला पाहू शकतो, तो याचमुळे. ड्रेकचे गाणे ऐकताना मात्र त्याच्या अकाली मृत्यूची जाणीव बाजूला ठेवणे श्रोत्याला फार कठीण जाते. कलाकृती म्हणून पाहता मराठी पद्धत अधिक निरोगी आहे, असे येथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

कवी, संगीतकार आणि गायक यांच्या अशा सहकार्याचा सर्वांत मोठा आविष्कारही पुण्यातच झाला. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले आणि आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या अधिक काळात ५६ गीते सादर झाली. आकाशवाणीवर ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी पात्रानुसार गायिली. पुढे फडके यांनी ती सर्व स्वतः एकट्याने, पेटी समोर घेऊन, रंगमंचावर गायला आरंभ केला, आणि राम, सीता, दशरथ, शूर्पणखा या सर्वांच्या भावना एकाच गळ्यातून ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. महाकाव्याचा विषय असूनही त्यातील बहुतेक गीते एकेका व्यक्तीच्या तोंडची आहेत. म्हणूनच ते भावगीताच्या कुळातले ठरते. साठ-सत्तरच्या दशकांत भावगीताभोवती वाद्यवृंद वाढला, व्हायोलिनांचे ताफे आणि बासऱ्या आल्या, काही अजोड रचना त्यातूनही निर्माण झाल्या, पण साधेपणाने येणारी निकटता काही प्रमाणात हरपली, हेही नोंदवले पाहिजे.

ब्रिटिश गायकांच्या पाठीशी जशी लोकगीते होती तशी मराठी गाण्याच्या पाठीशी ओवी होती, आणि तिच्या संग्रहाचे मोठे काम पुण्यातूनच झाले. साने गुरुजी, दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी ओव्या-लोकगीतांचे संकलन व अभ्यास केल्यावर, १९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ या अभ्यासकांनी पुण्यातील आपल्या संस्थेतर्फे जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा प्रकल्प हाती घेतला. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या त्यांनी जमवल्या. बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांतील अनेक गायिकांच्या आवाजात मुद्रित झाल्या आणि आता हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर ऐकता येतो. पहाटेच्या अंधारात दळताना म्हटलेल्या या ओव्यांना श्रोता असलाच तर समोर जाते ओढणारी दुसरी बाई एवढाच. साथ म्हणजे जात्याची घरघर. माहेर, भाऊ, मूल, नवऱ्याचा जाच, विठोबा, आणि कित्येक गायिकांच्या तोंडी बाबासाहेब आंबेडकर, हे सारे विषय त्यांत आहेत. रविकिरण मंडळाच्या काव्यगायनाने मध्यमवर्गाला दिलेली निकटता दळणाऱ्या बायकांना शतकानुशतके परिचयाची होती, पण शहरी भावगीताने या ठेव्याकडे पुरेसे पाहिले नाही. ब्रिटनमध्ये शार्पने टिपलेल्या गीतांतून नवे गीतकार घडले. मराठीत ओवीच्या संग्रहातून तसे गीतकार घडणे अजून व्हायचे आहे.

शब्द आणि आवाज एकाच माणसाचे असणे ही गोष्ट पुण्यात रविकिरण मंडळानंतर ठळकपणे पुढे आली ती संदीप खरे यांच्या रूपाने. १९७३ साली जन्मलेल्या या कवीने संगीतकार सलील कुलकर्णी यांच्यासह २००३ साली ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात खरे आपल्या कविता कधी नुसत्या वाचतात, कधी गातात, कुलकर्णी पेटीवर असतात, आणि गाणे व बोलणे यांच्यामधली सीमा पुसट होत जाते. ध्वनिमुद्रित संग्रहांत वाद्यमेळ अधिक भरीव आहे, त्यामुळे रंगमंचावरची निकटता त्यांत तितकी उतरत नाही. या जोडीचे एखादे मुद्रण केवळ पेटी आणि आवाज यांवर झाले असते तर ते मराठीतील पहिल्या प्रतीचे जवळिकीचे गाणे ठरले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. कामावरून उशिरा परतणाऱ्या बापाची कैफियत मांडणारे त्यांचे गीत ऐकून कित्येक वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. याच विषयाच्या शेजारी ब्रिटिश गायिका लॉरा मार्लिंग हिचा २०२४ सालचा ‘पॅटर्न्स इन रिपीट’ हा संग्रह ठेवून पाहावा. मुलगी झाल्यानंतर तिने तो लंडनमधील आपल्या घरच्या स्टुडिओत, मूल जवळ असताना मुद्रित केला, आणि त्यात ड्रमचा वापर मुळीच नाही. घरातल्या आवाजांना बाहेर न घालवता त्यांच्यामध्येच गाणे बसवण्याची ही पद्धत मराठी संगीतकारांनी अभ्यासावी अशी आहे. आज चांगला मायक्रोफोन आणि संगणक एवढ्यावर पुण्यातील कोणत्याही सदनिकेत असे मुद्रण होऊ शकते.

या परंपरेच्या जुन्या ठेव्याचे जतन हा स्वतंत्र प्रश्न आहे. वाटवे, जोशी आणि जे. एल. रानडे यांच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणापासून केलेल्या असल्याने ठिसूळ आहेत आणि प्रत्येक वेळी वाजवताना पोलादी सुईने त्या थोड्या झिजतात. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने अशा तबकड्यांच्या संग्राहकांना एकत्र आणले आणि त्यांच्या इतिहासाची नोंद ठेवली. तबकड्यांचे संगणकीय रूपांतर करताना त्यावरची खरखर काढून टाकण्याचा मोह होतो, परंतु ज्या उच्च कंप्रतेच्या पट्ट्यात खरखर असते त्याच पट्ट्यात ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांचे उच्चार आणि गायकाचा श्वासही असतो, त्यामुळे खरखर पुरती पुसली तर वाटव्यांचे शब्द बोथट होतात. जाणकार संग्राहक म्हणूनच खरखर थोडी तशीच राहू देतात, आणि मूळ तबकडीवरून केलेली अशी स्वच्छ न केलेली प्रत वेगळी जपून ठेवतात.